काटा अर्ध्यावर, जीप रस्त्याच्या कडेला

पत्र : आमच्याकडे वीस वर्षांहून अधिक जुनी डिझेल जीप आहे. ती सासऱ्यांनी, म्हणजे आप्पांनी घेतली आणि इतकी वर्षे तेच चालवत आले. आता गुडघ्यांच्या दुखण्यामुळे त्यांनी गाडी सोडली असून मी आणि माझे यजमान ती चालवतो. मुलांची शाळा, शेतातली कामे, चोपड्याला माहेरी जाणे, हे सगळे मी याच गाडीने करते. डिझेलचा काटा मात्र मनाला येईल तसा वागतो. टाकी भरली तरी कधी पाऊणच दाखवतो, मग कितीतरी दिवस अर्ध्यावर थांबतो, खड्ड्यात गाडी आदळली की एकदम तळाला जातो आणि पुन्हा वर येतो. तापमानाचा काटा मात्र बरोबर चालतो. एप्रिलमध्ये चोपड्याहून परतताना काटा अर्ध्यावर असतानाच गाडी बंद पडली. भर दुपारी दोन्ही मुलांना घेऊन रस्त्यावर उभे राहावे लागले. डिझेल आणून टाकले तरी गाडी सुरू होईना. मिस्त्री येऊन ती सुरू होईपर्यंत संध्याकाळ झाली. आप्पा म्हणतात, ‘काटा कधीच खरा नव्हता, गाडीचा अंदाज असावा लागतो.’ यजमान म्हणतात, जुन्या गाडीवर आणखी खर्च कशाला. टाकी ४५ लिटरची आहे, आप्पा लिटरला १४ किलोमीटर सांगतात. ओडोमीटर चालतो, ट्रिप मीटर बंद आहे. काटा दुरुस्त करावा की गाडी विकावी? आणि तोवर ती चालवावी कशी?
— एक वाचक, शहादा तालुका

उत्तर : तुमचे पत्र वाचल्यावर सर्वांत आधी हे सांगावेसे वाटते की, त्या दिवशी जे घडले त्यात तुमच्या अंदाजाचा काहीही दोष नव्हता. आप्पांचा अंदाज खरा होता याबद्दल मला शंका नाही. पण तो कशावर उभा होता हे नीट पाहिले पाहिजे. गाडी तेच चालवत, डिझेल तेच भरत, शेवटचे कधी आणि किती भरले हे त्यांच्या लक्षात असे आणि त्यानंतर गाडी कुठे कुठे फिरली हेही त्यांनाच ठाऊक असे. काटा खोटा असूनही हिशेब पूर्ण होता आणि तो एकाच डोक्यात होता. आता दोघे जण गाडी चालवतात आणि तुम्ही भरलेले डिझेल यजमानांना किंवा त्यांनी भरलेले तुम्हाला ठाऊक नसते. जो हिशेब तुमच्या हाती कधी आलाच नाही, त्याच्या अभावाला ‘गाडीचा अंदाज नाही’ असे म्हणणे अन्यायाचे आहे, आणि ते तुम्हाला ऐकून घ्यावे लागले याचे मला मनापासून वाईट वाटते.

म्हणून माझा सल्ला असा की, काटा दुरुस्त जरूर करावा, पण त्याआधी, अगदी याच आठवड्यात, डिझेलचा हिशेब कागदावर आणावा. दुरुस्तीनंतरही जुन्या गाडीचा काटा पुन्हा बिघडू शकतो; कागदावरचा हिशेब मात्र गाडी जो कोणी हातात घेईल त्याच्या उपयोगी पडतो.

काटा असा का वागतो, ते आधी समजून घेऊ. टाकीच्या आत एका दांडीच्या टोकाला फ्लोट, म्हणजे डिझेलवर तरंगणारा पोकळ तुकडा असतो. डिझेलची पातळी वर-खाली होते तशी ती दांडी फिरते आणि तिचे दुसरे टोक एका रोधपट्टीवर घासत सरकते. दांडी कुठे आहे त्यानुसार विजेला होणारा रोध बदलतो आणि डॅशबोर्डवरचा काटा त्या रोधाप्रमाणे हलतो. या जोडणीला गॅरेजमध्ये नुसते ‘फ्लोट’ किंवा ‘सेंडर’ म्हणतात. तुमच्या काट्याची लक्षणे पाहता बिघाड टाकीच्या बाजूला असण्याची शक्यता जास्त वाटते. डॅशबोर्डला होणारा वीजपुरवठा बिघडला असता, तर बहुधा तापमानाचा काटाही त्याच्यासोबत भरकटला असता. तुमचा तापमानाचा काटा नीट आहे, म्हणजे तिथपर्यंत सारे ठीक असावे. बराच काळ एकाच जागी थांबणे आणि धक्का बसताच उडी मारणे हे बहुतेक वेळा झिजलेल्या रोधपट्टीचे किंवा सैल, गंजलेल्या अर्थिंगचे, म्हणजे गाडीच्या धातूला जोडलेल्या वायरचे, लक्षण असते. जी गाडी वर्षानुवर्षे बहुतांशी अर्धी टाकी ठेवून चालते, तिच्या पट्टीचा मधला भाग सर्वाधिक घासला जातो. असा सेंडर बाहेर काढून उजेडात धरला, तर पट्टीवर मध्यभागी एक चकचकीत, खोलगट रेघ दिसते आणि दांडी हाताने सावकाश फिरवली की त्या ठिकाणी किंचित अडखळल्यासारखे जाणवते. फ्लोटलाही बारीक चीर जाऊ शकते. तो कानाजवळ धरून हलवावा. आत डिझेल डुचमळल्याचा आवाज आला, तर तो भरला आहे आणि पूर्वीसारखा तरंगणार नाही.

इथे एक भेद महत्त्वाचा आहे. काही गाड्यांचा काटा चुकतो, पण नेहमी सारखाच चुकतो. पाव टाकी उरली असताना तो दर वेळी अर्धा दाखवत असेल, तर मनात वजाबाकी करून निभावून नेता येते. अनेक टाक्या वर रुंद आणि खाली निमुळत्या असल्यामुळे चांगल्या गाडीतही वरचा अर्धा भाग सावकाश आणि खालचा भराभर संपल्यासारखा वाटतो. तो बिघाड नव्हे. तुमचा काटा मात्र कधी खरे दाखवतो आणि कधी खोटे, आणि कोणत्या वेळी काय दाखवतो आहे हे ओळखण्याचा उपाय नाही. पूर्ण बंद पडलेला काटा त्यापेक्षा बरा, कारण त्याच्याकडे कोणी पाहत नाही. म्हणून दुरुस्ती होईपर्यंत त्या काट्यावर डॅशबोर्डच्या बाहेरून काळी चिकटपट्टी लावून टाकावी असे मी सुचवतो. नजर सवयीने तिकडे जाते आणि काटा वर दिसला की मन निर्धास्त होते. तुमची गाडी काटा अर्ध्यावर असतानाच बंद पडली होती. रिझर्व्हचा दिवा असेल, तर त्यावरही विसंबू नका. काही गाड्यांत त्याची जोडणी स्वतंत्र असते, पण बऱ्याच गाड्यांत तो त्याच फ्लोटवर चालतो, म्हणजे काटा फसला की दिवाही फसतो.

आता हिशेबाकडे येतो. एकदा टाकी काठोकाठ नव्हे, तर पंपाचे नोझल आपोआप बंद होईपर्यंत भरावी. खानदेशातल्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसला टेकतो आणि तापलेले डिझेल फुगते, त्यामुळे मानेपर्यंत भरणे टाळावे. टाकी भरल्यावर ओडोमीटरचा आकडा लगेच एका लहान वहीत लिहावा आणि त्याच्यापुढे लिटर लिहावेत. पुढच्या वेळी पुन्हा तशीच भरावी; मधल्या किलोमीटरांना या वेळी लागलेल्या लिटरने भागले की खरे ॲव्हरेज मिळते. तीन-चार वेळा हे केले की गाडी खरोखर किती देते ते कळेल. आप्पांचा १४ हा आकडा बहुधा महामार्गावरचा, त्यांच्या संथ हाताचा आणि गाडी तरुण असतानाचा असावा. शेतरस्ता, पपईचे क्रेट, शाळेची थांबत-निघत होणारी फेरी, या सगळ्यांत तोच आकडा १० पर्यंत खाली येऊ शकतो. म्हणून आपले ॲव्हरेज हाती येईपर्यंत १० धरूनच चालावे. ४५ लिटरपैकी तळाचे ५ वापरायचे नाहीत आणि ५ अडचणीसाठी राखायचे. उरलेल्या ३५ लिटरांत ३५० किलोमीटर होतात. तुम्ही ३०० ची मर्यादा ठरवा. भरतानाच्या आकड्यात ३०० मिळवून येणारा आकडा खडूने किंवा चिकटपट्टीवर स्टिअरिंगसमोर लिहून ठेवा. गाडी जो चालवेल त्याला तो आकडा दिसेल, आणि ओडोमीटर तिथे पोहोचण्याआधी डिझेल भरायचे, एवढाच नियम त्याला पाळावा लागेल.

यात एक व्यावहारिक अडचण आहे, ती मला ठाऊक आहे. पूर्ण टाकी भरायची म्हणजे आजच्या भावाने चार हजार रुपयांच्या घरात जाते, आणि शेतकरी कुटुंबात माल विकला जाईपर्यंत ती रक्कम प्रत्येक वेळी हाताशी असतेच असे नाही. पाचशेचे डिझेल भरून काम चालवावे लागते. तसे करायला हरकत नाही, फक्त एकदा टाकी पूर्ण भरून सुरुवात करावी आणि नंतर प्रत्येक वेळी भरलेले लिटर न चुकता लिहावेत, रुपये नव्हेत, कारण भाव बदलतो. किती लिटर आत गेले आणि दर दहा किलोमीटरला एक याप्रमाणे किती बाहेर गेले, याची वजाबाकी घरातल्या शाळकरी मुलालाही जमेल. ही वही गाडीच्या कप्प्यातच राहावी, पेन दोरीने बांधून. घरी ठेवलेली वही पंपावर कधीच हाताशी नसते.

ओडोमीटर स्वतः खरा आहे का, हेही एकदा तपासून घ्यावे. जुन्या गाडीत टायरचा आकार बदललेला असतो किंवा केबल घसरत असते. मोठ्या रस्त्यावरच्या किलोमीटरच्या दगडांवर दहा किलोमीटरचे अंतर मोजून ओडोमीटर किती पुढे सरकतो ते पाहावे. फरक थोडा असेल, तर तो हिशेबात धरता येईल.

दुसरा आधार काठीचा. ट्रॅक्टरवाले आणि जुने ट्रकवाले हा उपाय पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. बांबूची एक सरळ, तासलेली पट्टी घ्यावी. टाकी जवळपास रिकामी असताना सपाट जागी गाडी उभी करावी, ५ लिटर डिझेल टाकावे, मिनिटभर थांबून पट्टी तळापर्यंत सोडावी आणि ओल्या रेषेवर चाकूने खाच पाडावी. मग पुढचे ५ लिटर, पुढची खाच. खाचांमधले अंतर एकसारखे येणार नाही. टाकीचा आकार तसा असल्यामुळे ते बरोबरच आहे. पट्टी भिजून फुगू नये आणि तिचा कचरा टाकीत पडू नये म्हणून ती गुळगुळीत असावी, वापरल्यावर पुसून कापडात गुंडाळून ठेवावी. काही गाड्यांची डिझेल भरण्याची नळी वाकडी असते आणि पट्टी तळापर्यंत जात नाही. तुमच्या गाडीचे तसे असेल, तर जबरदस्ती करू नये, वहीवरच राहावे. मोजताना जवळ बिडी-सिगारेट असू नये, हे घरातल्या सर्वांना स्पष्ट सांगावे.

डिझेल टाकल्यावरही तुमची गाडी का सुरू झाली नाही, हे तुम्ही विचारलेले नाही, पण ते तुम्हाला माहीत असणे आवश्यक आहे. डिझेल संपेपर्यंत इंजिन फिरले की नळीत आणि फिल्टरमध्ये हवा शिरते. मिस्त्री त्याला ‘एअर घेतली’ म्हणतात. हवा दाबली जाते, त्यामुळे पंप चालत राहिला तरी इंजेक्टरपर्यंत, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या भागापर्यंत, डिझेल हवे त्या दाबाने पोहोचत नाही. अशा वेळी आधी निदान ५ ते १० लिटर डिझेल टाकावे, मग फिल्टरवरचा हवा काढण्याचा स्क्रू थोडा सैल करून डिझेल पुढे ढकलणारा छोटा हातपंप दाबत राहावे. आधी फेसाळ डिझेल येते, नंतर बुडबुडे थांबून सलग धार येते. तेव्हा स्क्रू घट्ट करावा आणि सांडलेले डिझेल पुसून घ्यावे. त्यानंतर स्टार्टर एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त फिरवू नये आणि दोन प्रयत्नांमध्ये मिनिटभर विश्रांती द्यावी, अन्यथा बॅटरी उतरते आणि स्टार्टर तापतो. तुमच्या मिस्त्रीकडून हे एकदा गाडी बंद असताना प्रत्यक्ष शिकून घ्या. इंजेक्टरच्या पाइपांचे नट मात्र तुम्ही सोडू नयेत. तिथला दाब इतका असतो की डिझेलची बारीक धार कातडीत घुसू शकते. शिवाय टाकीच्या तळाशी गाळ आणि पाणी साचलेले असते. तळाचे डिझेल ओढले की ते फिल्टरमध्ये येते. म्हणूनच मी वर ५ लिटर वापरायचे नाहीत असे म्हटले.

घाटाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण शहाद्याहून तोरणमाळ किंवा धडगावकडे जाणे तुमच्याकडे वरचेवर होत असणार. चढावर टाकीतले डिझेल मागे सरकते, उतारावर पुढे येते. टाकीत थोडेच डिझेल असेल, तर ओढणाऱ्या नळीचे तोंड काही क्षण उघडे पडू शकते आणि काही लिटर शिल्लक असूनही गाडी हवा घेते. सपाटीवर पुरणारे डिझेल घाटात पुरेलच असे म्हणता येत नाही. सातपुड्यात शिरण्यापूर्वी निदान अर्धी टाकी असल्याची खात्री वहीवरून करावी, आणि वर डिझेल मिळेल या भरवशावर जाऊ नये. दुसरा धोका ब्रेकचा आहे. बऱ्याच डिझेल गाड्यांत ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम पंप इंजिनच्या फिरण्यावर चालतो. इंजिन थांबले की साठलेल्या व्हॅक्यूमवर एखाद-दोन वेळा पेडल हलके लागते, नंतर ते दगडासारखे कठीण होते. ब्रेक लागतो, पण सारी ताकद पायाची लागते. म्हणून डिझेल वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रल करण्याची किंवा इंजिन बंद करण्याची सवय आपल्याकडे अनेकांना आहे, ती पूर्णपणे सोडावी. गाडी गिअरमध्ये असेल, तर चाके इंजिनला फिरवत राहतात आणि वेगावरही लगाम राहतो. गाडी थांबवावी लागलीच, तर पेडल पुन्हा पुन्हा न दाबता एकदाच दाबून धरावे, हातब्रेक ओढावा आणि चाकामागे दगड लावावा.

राष्ट्रीय महामार्गावर गाडी बंद पडली, तर १०३३ हा मदतीचा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि कुठेही जीव धोक्यात आहे असे वाटले, तर ११२ आहे. दोन्ही क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. गाडीत पिण्याचे पाणी आणि धोक्याचा त्रिकोण कायम असू द्या. डिझेलचा भरलेला कॅन मागे ठेवून फिरण्याचा सल्ला मी देणार नाही. मुले बसतात त्या गाडीत तो ठेवण्याची गरजच हिशेब नीट असेल तर पडत नाही.

आता दुरुस्ती. गॅरेजला जाण्यापूर्वी दोन गोष्टी पाहून ठेवा. हेडलाइट लावल्यावर काटा हलतो का? आणि काटा उडी मारतो तेव्हा तापमानाचा काटाही दचकतो का? यांतले काही होत असेल, तर अर्थिंगचा संशय बळावतो. गॅरेजमध्ये थेट ‘फ्लोट बदला’ असे सांगू नका. आधी टाकीवरच्या सेंडरची अर्थिंगची वायर काढून, काचपेपरने घासून, घट्ट बसवायला सांगा. पुष्कळ वेळा काम तेवढ्यावर भागते आणि खर्च जवळपास काहीच येत नाही. त्याने भागले नाही, तर सेंडर काढून त्याला मल्टिमीटर, म्हणजे रोध मोजणारे यंत्र, लावून दांडी सावकाश फिरवायला सांगा. आकडा सलग बदलत गेला पाहिजे. तो मध्येच तुटत असेल, तर रोधपट्टी गेली आहे, ती घासूनपुसून फार दिवस टिकत नाही, सेंडर बदलावाच लागेल. नवा घेताना मात्र तुमच्याच मॉडेलचा घ्यावा. काही गाड्यांत टाकी भरल्यावर रोध कमी होतो, काहींत वाढतो. दुसऱ्या गाडीचा सेंडर आकाराने बसला, तरी तो भरलेल्या टाकीला रिकामी दाखवू शकतो. खर्चात सुट्या भागापेक्षा टाकी उतरवण्याची मजुरी जास्त असण्याचा संभव आहे, म्हणून टाकी उतरलीच, तर त्याच वेळी आतला गाळ धुऊन घ्यावा आणि डिझेल फिल्टर बदलावा.

एका बाबतीत मी आग्रहाने सांगतो. टाकीला गळती सापडली आणि कोणी ती जागेवरच वेल्डिंग करून देतो म्हणाले, तर नकार द्या. रिकाम्या टाकीत वाफ उरलेली असते आणि तिचा स्फोट होऊ शकतो. डिझेलची टाकी असली म्हणून ती सुरक्षित होत नाही. टाकी उतरवून, पूर्ण धुऊन, हे काम नेहमी करणाऱ्याकडूनच करून घ्यावे, अन्यथा टाकीच बदलावी.

आप्पांशी या विषयावर वाद घालू नये असे मला वाटते, कारण त्यांच्याकडे जे आहे ते तुम्हाला हवे आहे. ‘आप्पा, तुम्ही कुठून कुठे गेल्यावर डिझेल भरायचे?’ असे विचारा आणि ते सांगतील ते वहीच्या शेवटच्या पानांवर लिहून घ्या. कोणत्या घाटात गाडी किती पिते, डिझेल कमी झाले की इंजिनचा आवाज कसा बदलतो, फिल्टरचा स्क्रू कोणत्या पान्याने सुटतो, हे त्यांच्याशिवाय कोणी सांगणार नाही. बांबूची पट्टीही त्यांच्याच हातून करून घ्या. बसल्या जागी होणारे काम आहे. यजमानांना मात्र एवढी अट घालावी की, डिझेल कोणीही भरो, लिटर वहीत लिहिल्याशिवाय गाडी पंपाबाहेर निघणार नाही.

गाडी विकण्याचा प्रश्न काट्यावरून ठरवू नये. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि पुढे तपासणी होऊन पाच-पाच वर्षांसाठी तिचे नूतनीकरण होते. तुमच्या आरसीवर पुढची मुदत कधी संपते ते आजच पाहा. त्या तारखेच्या काही महिने आधी विश्वासू मिस्त्रीकडून चासीचा, म्हणजे गाडीच्या सांगाड्याचा गंज, ब्रेक आणि इंजिनचे कॉम्प्रेशन तपासून घ्या. चासी खाल्ली गेली असेल किंवा इंजिनचे मोठे काम निघाले असेल, तर यजमानांचे म्हणणे मान्य करून गाडी त्या मुदतीआधी काढून टाकावी. हे तिन्ही ठीक निघाले, तर सेंडर बदलून गाडी ठेवावी आणि वही पुढे चालू ठेवावी. घेणाऱ्यालाही काही वर्षांची अशी नोंद दाखवता आली, तर गाडीची बरी किंमत येते.